सुकाण्याला पत्र

पहिल्या भेटीत काकांनी मला सुईचा नंबर विचारला होता.

कुवेतमधल्या फहाहीलच्या एका खासगी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. रोज साठ-सत्तर माणसांचं रक्त काढते. सुई दिसली की माणसं मान फिरवतात, डोळे मिटतात, कुणी देवाचं नाव घेतं. हा पासष्टीकडे झुकलेला, काटकुळा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस मात्र सुई शिरताना टक लावून बघत राहिला.

"बावीस की तेवीस?"

"तेवीस."

"छान. आता रिपोर्टवर वेळ लिहा. आणि उपाशी किती तास ते. बारा तास वीस मिनिटं."

"वेळ मशीन छापतं, काका."

"मशीन त्याची वेळ छापतं. रक्त माझ्या अंगातून केव्हा निघालं ते त्याला काय माहीत?"

चौदा वर्षं मी हे काम करत होते आणि असं मला कुणी बोललं नव्हतं. राग आला. पण माणूस बरोबर बोलत होता, म्हणून मी वेळ लिहिली. ते चिपळूणच्या पलीकडचे निघाले, मी चिपळूणची. पुढच्या आठवड्यात ते आमच्या घरी जेवायला आले आणि नंतर येतच राहिले.

काका मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका ठेकेदाराकडे इन्स्ट्रुमेंट फिटर होते. त्याआधी अकरा वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर "राहून गेलं" म्हणायचे, छत्री घरी राहून जावी तसं. मंगाफला कोकणातल्याच चार मुलांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचे. ती मुलं त्यांना 'कॅप्टन' म्हणायची आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे, "मी खालचा माणूस. इंजिनातला. कॅप्टनने मला ओळखलंसुद्धा नसतं."

त्या फ्लॅटमधल्या फ्रीजचा वरचा कप्पा काकांचा होता. एकदा मुलांपैकी एकाने कढी करायची म्हणून लबनचा, म्हणजे ताकाचा, डबा उघडला, तर आत कापसात गुंडाळलेला एक मेलेला चिखल्या पक्षी निघाला. मुलगा किंचाळला. काका स्वयंपाकघरात आले आणि शांतपणे म्हणाले, "डब्यावर तारीख लिहिली होती ना?" लिहिली होती. पक्षी कुठे मिळाला, किती वाजता, वारा कुठल्या दिशेचा होता, सगळं होतं. त्यानंतर त्या घरात कुणी न वाचता डबा उघडला नाही.

सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, काका समुद्रावर जायचे. गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत. दोन बस बदलून उत्तरेच्या चिखलाच्या किनाऱ्यावर पोचायचे, काळी छत्री वाळूत रोवायचे आणि तिच्या सावलीत तिपाईवर दुर्बीण ठेवून पक्षी मोजायचे. पुढे मीच त्यांना गाडीने न्यायला लागले. माझ्या नवऱ्याला पहाटे उठणं जमत नसे आणि मुलीचं "मॉम, इट्स जस्ट बर्ड्स" ठरलेलं होतं. मला त्या तीन तासांत कुणी कामाला लावत नव्हतं, एवढ्याच कारणासाठी मी जायचे. नंतर काकांनी मलाही कामाला लावलं.

"मोजलंस का?"

"असतील शंभरेक."

"असतील म्हणजे? शंभर असतील तर शंभर म्हण. एक्क्याण्णव असतील तर एक्क्याण्णव म्हण. अंदाजे हा आळशी माणसाचा आकडा."

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एगैलातल्या हॉलमध्ये सेक्रेटरींनी माइकवर "जवळजवळ दोनशे भगिनी" म्हटलं, तेव्हा मागून "एकशे अडुसष्ट" असा आवाज आला होता. सेक्रेटरी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

एकदा किनाऱ्यावर पोलिसांची गाडी आली. तेलाच्या देशात समुद्राकडे दुर्बीण लावून बसलेला परदेशी माणूस म्हटल्यावर येणारच. काकांनी खिशातून सिव्हिल आयडी काढून दिला आणि मोडक्या अरबीत त्या तरुण अधिकाऱ्याला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. समोर रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता. अधिकारी बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मिय्या," म्हणजे शंभर.

"ला," म्हणजे नाही, काका म्हणाले. "मोज."

तो मोजायला लागला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चौऱ्याहत्तरवर आला. काकांनी वही उघडून दाखवली. चौऱ्याहत्तर. तो एवढा खूश झाला की निघताना आम्हाला पाण्याच्या दोन बाटल्या देऊन गेला.

पण ही सगळी मोजणी कुणासाठी चालते ते मला कळलं ते एका गुरुवारी. कसलासा निरोप द्यायला गेले होते. काका टेबलाशी बसून पत्र लिहीत होते. दोन कागदांमध्ये कार्बन पेपर घातलेला. कार्बन पेपर मी शाळा सुटल्यावर प्रथमच बघत होते. फहाहीलच्या एका मल्याळी स्टेशनरीवाल्याने शेवटचं खोकं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. पत्राच्या डोक्यावर क्रमांक होता. सोळाशे अकरा.

"कुणाला?"

"सुकाण्याला."

सुकाणी म्हणजे त्यांच्या शेवटच्या जहाजावर सुकाणू धरणारा खलाशी. दाभोळच्या खाडीकाठचा. एकदा अरबी समुद्रात वादळ झालं. सकाळी काका हवा खायला डेकवर आले, तर हा सुकाणी उकिडवा बसलेला आणि त्याच्या टोपीत मुठीएवढा एक पक्षी. बोट पाण्यात बुडवून तो थेंब थेंब त्या पक्ष्याच्या चोचीत सोडत होता. एकाच जहाजावर सात महिने राहून दोघं त्याआधी कधी बोलले नव्हते. पक्षी कोणता यावरून त्यांची तिथेच वादावादी झाली. दुसऱ्या दिवशी पक्षी उडून गेला, वाद राहिला. पुढे पाठीच्या दुखण्याने सुकाणी गावी परतला, काका कुवेतला उतरले आणि पुस्तकात त्या पक्ष्याचं चित्र सापडलं तेव्हा त्यांनी पहिलं पत्र टाकलं. एका ओळीचं. 'तू म्हणत होतास तोच होता.'

त्याला आता तिसाहून अधिक वर्षं झाली होती. या किनाऱ्यावर कुरव पक्षी कधी उतरले, किती होते, कधी गेले हे काका लिहायचे आणि दाभोळच्या खाडीत ते कधी पोचले, किती पोचले हे सुकाणी लिहायचा. मधे सुकाण्याच्या बायकोचं आजारपण, मुलाचं लग्न, नव्या होडीचा रंग, काकांची साखर, सगळं दोन-दोन ओळींत. मग पुन्हा कुरव. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांना एकदाही भेटले नव्हते. काकांची सुट्टी उन्हाळ्यात यायची आणि बहिणींच्या घरची कार्यं उरकण्यात संपायची. फोनही कधी केला नव्हता.

"का पण? फुकट होतो आता."

"फोनवर माणूस 'बरं आहे' म्हणतो आणि ठेवतो. पत्र लिहायचं तर त्याला आधी खाडीवर जाऊन यावं लागतं."

महामारीत टपाल बंद पडलं तेव्हाही काका दर गुरुवारी लिहीत राहिले. पत्रं क्रमांक घालून चपलांच्या खोक्यात ठेवत गेले. टपाल सुरू झालं आणि काही आठवड्यांनी त्यांच्या पोस्ट बॉक्समध्ये सुकाण्याची एकोणतीस पत्रं एकदम आली. तोही थांबला नव्हता. काकांनी ती एका बैठकीत वाचली नाहीत. दिवसाला एक, असं महिनाभर पुरवून वाचली.

आता मी केलेला उद्योग सांगते. काकांच्या वहीच्या पानाचा फोटो मी एका ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत भारतातल्या एका विद्यापीठातल्या पक्षी-अभ्यासक बाईंपर्यंत गेला. त्यांचा मला फोन आला. एकाच पक्ष्याच्या प्रवासाच्या दोन्ही टोकांची, इतक्या वर्षांची, हाताने ठेवलेली नोंद त्यांनी कुठे पाहिली नव्हती. त्यांना ती छापायची होती, दोघांच्या नावासकट. व्हिडिओ कॉलला काका नवा शर्ट घालून बसले. बाई "सर" म्हणाल्या तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं.

कॉल संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "सुकाण्याचं नाव आधी घाला. पोचलेला पक्षी मोजणं जास्त अवघड."

मग शुक्रवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला लागलो. काका पत्र वाचायचे, मी टाइप करायची. सुकाणी तारखेबरोबर तिथीही लिहायचा, जुन्या खलाशाची सवय. अलीकडच्या तीन वर्षांची पत्रं त्याची सून लिहायची. 'हात थरथरतो म्हणून सुनबाई लिहिते' असं त्याने कळवलं होतं. अक्षर गोल आणि स्वच्छ होतं, टायपिंग भराभर होत होतं.

"कोजागरीचा दुसरा दिवस," काका वाचत होते. "दुपारी बारा. ओहोटी. चिखलावर त्रेचाळीस कु..."

ते थांबले.

"पुढे?" मी म्हटलं.

"दुपारी बारा वाजता ओहोटी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मीही खाडीकडची, मलाही तोवर कळलं. पौर्णिमा-अमावस्येला आमच्याकडे दुपारी बाराला ऐन भरती असते. खाडी काठोकाठ भरलेली असते. चिखलच नसतो तर चिखलावर कुरव कसे बसणार?

"सुनेची चूक असेल लिहिताना," मी म्हटलं.

दर शुक्रवारी काका थोडीथोडी आणत होते ती पत्रं त्यांनी त्या संध्याकाळी परत नेली. तीन दिवसांनी मला बोलावलं. टेबलावर दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवली होती. एक हे. दुसरं अकरा वर्षांपूर्वीचं, सुकाण्याच्या स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरातलं. अष्टमी, दुपारी बारा, ओहोटी, चिखलावर त्रेचाळीस कुरव, त्यात दोन लंगडे. अष्टमीला दुपारी ओहोटी असते, म्हणजे ते खरं होतं. नव्या पत्रातही दोन लंगडे होते.

"या तीन वर्षांत पक्ष्यांच्या नोंदीच सतरा, आणि सतराच्या सतरा अशा," काका म्हणाले. "जुनी नोंद उचलायची, तारीख-तिथी नवी घालायची."

"सतराच ना, काका. हजारांमधल्या सतरा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!" ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. मग स्वतःच ओशाळले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. "खोटं कशाला लिहायचं? नाही बघितले म्हणून लिहायचं. एक ओळ. मी काय त्याचा साहेब आहे?"

त्या गुरुवारी त्यांनी पत्र लिहिलं नाही. पुढच्याही नाही. शुक्रवारी किनाऱ्यावर आले, पण वही गाडीतच ठेवली. बाईंचा मला दोनदा फोन आला, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ही ओळख मी करून दिली नसती तर ती पत्रं कुणी शेजारी शेजारी ठेवली नसती, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तिसरा गुरुवार आला तेव्हा मी सरळ त्यांच्याकडे गेले.

"फोन करा."

"नंबर नाही."

नंबर होता. वर्षापूर्वी कुणा गाववाल्याबरोबर सुकाण्याने आमसुलांचं पार्सल पाठवलं होतं. त्यावर सुनेचा मोबाइल लिहिलेला होता आणि काका कसलाही लिहिलेला कागद टाकत नसत. मी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

"हॅलो, कोण बोलतंय?" घाटावरची बोली. सून कराडकडची होती.

"मी कुवेतहून फिटर बोलतोय. सुकाणी आहे का?"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. "मामंजी! अवो, कुवेतचा फोन!" मग बराच वेळ नुसती पावलं, काठीचा ठक ठक आवाज, कुणीतरी बसल्याचा.

"काय रे फिटर." आवाज खोल आणि घोगरा होता. "मेलास की काय असं वाटलं मला. दोन आठवडे झाले, पत्र नाय."

"मेलेला माणूस फोन करतो काय?"

इतक्या वर्षांत एकमेकांचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

"सुकाण्या, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी बाराला ओहोटी कशी रे?"

मागून सूनच बोलली, "मी वेळ बदलायची विसरले, मामंजी. आमच्याकडं कुठली वो भरती-ओहोटी."

"तू गप गो," सुकाणी म्हणाला. मग सावकाश सांगायला लागला. "डोळे गेले रे माझे. कायसा काचबिंदू म्हणतात तो. आधी डावा, मग उजवा. तीन वर्षं झाली. उजेड-अंधार कळतो, बाकी काय नाय."

काका खुर्चीवर पुढे सरकले. "कळवलं नाहीस."

"काय कळवू? आंधळ्याला कोण विचारील कुरव किती आले म्हणून? तू आपला दोन ओळी लिहिशील, काळजी घे, औषध घे. मग दिवाळीला एक पत्र. मग तेपण नाय." तो थांबला. "गुरुवारी तू लिहितोस म्हणून सोमवारपासून मी पोस्टमनची वाट बघतो. म्हटलं, जुनी वही आहे. सुनेला सांगितलं, घाल त्यातलं. मला वाटलं तुला पक्षी पाहिजेत."

मी उठून पाणी आणलं, ते काकांनी घेतलं नाही.

"गाढवा," शेवटी ते म्हणाले. "अरे, पक्ष्यांचं विचारलं नसतं तर तू लिहिलं असतंस का? जहाजावर सात महिन्यांत एक शब्द बोलला नव्हतास तू."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. हसता हसता तो खोकला आणि बराच वेळ खोकत राहिला.

"ते छापायचं चाललंय ना? माझ्या पायी तुझं वाया गेलं काय सगळं?"

"सतरा नोंदी काढाव्या लागतील."

"काढ. आणि का काढल्या तेपण लिही. सुकाण्याचे डोळे गेले म्हणून लिही, लाजायचं कारण नाय."

काकांनी त्याच संध्याकाळी लाल पेन्सिलीने सतरा नोंदींवर रेघ मारली आणि बाईंना जसं घडलं तसं कळवलं. बाई म्हणाल्या की उरलेल्या नोंदींवर त्यांचा आता जास्तच विश्वास बसला. लेख छापून आला. पहिलं नाव सुकाण्याचं होतं. फोन झाला त्या गुरुवारी काकांनी लिहिलेल्या पत्राची कार्बन-प्रत मी वाचली आहे. त्यात काळजी घे, औषध घे असं काही नव्हतं. 'कान आहेत ना? उद्यापासून ओहोटीच्या वेळी काठावर बसायचं. किती वेगवेगळे आवाज आले, कुठल्या बाजूने आले, किती वाजता, ते कळवायचं. सुनबाईंना तिथीवरून भरती काढायला शिकव.'

सुकाण्याने ते काम सुरू केलं. पत्रं पूर्वीपेक्षा लांब यायला लागली. खाली सुनेच्याही दोन ओळी असायच्या. ती आता स्वतः पक्षी मोजायची आणि तिच्या आकड्यांवर सासऱ्याशी भांडायची.

गेल्या वर्षी काकांचा ठेका संपला. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द झाला, तीस-पस्तीस वर्षांचं सामान त्यांनी दोन बॅगांमध्ये बसवलं. पत्रांची खोकी मात्र त्यांनी आधीच जहाजाने पाठवली होती. विमानाने नेलेला कागद त्यांना का कोण जाणे पटत नव्हता. नोव्हेंबरात मी माहेरी गेले होते, तेव्हा चिपळूणहून मीच त्यांना गाडीने दाभोळला सोडायला गेले. घाटात एकदा काका गाडी थांबवायला सांगून शर्ट बदलून आले.

सून दारातच होती. "मामंजी धक्क्यावर बसल्यात. सकाळधरनं हललं नाहीत."

अमावस्या जवळ आली होती, त्यामुळे संध्याकाळी पाचलाच पाणी उतरलं होतं. धक्क्याच्या टोकाला एक थोराड म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. समोरच्या चिखलावर कुरव बसले होते. काका त्याच्याकडे चालत गेले. मला वाटलं, आता मिठी मारतील, रडतील. मी माझा रुमालही काढून ठेवला होता. काका नुसते त्याच्या शेजारी बसले. म्हाताऱ्याने मान वळवली नाही. त्याने हात लांब करून काकांचा खांदा चाचपला, दंड चाचपला आणि म्हणाला, "वाळलास रे."

"किती आहेत?" सुकाण्याने विचारलं.

काकांनी बोट रोखून मोजले. "एकसष्ट."

"साठ."

"तुला दिसत नाही, सुकाण्या."

"तू मोजत होतास तेव्हा डावीकडून एक उडाला. पंख वाजले."

काकांनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. साठच होते.